दोन घड्याळं

आमच्या गावच्या चर्चला दोन मनोरे, दोन घड्याळं.
उजव्याला मी दर शनिवारी चावी देतो.
डावं नुसतं रंगवलेलं,
काटे कायमचे पावणेबारावर.
सैतान वेळ साधून आत्मे न्यायला येतो म्हणे,
त्याचा गोंधळ उडावा म्हणून.

सैतानाचा उडाला का, ठाऊक नाही.
आमचा मात्र उडाला.

आज डोरिएट आली, बरोबर मार्व्हिक,
कडेवर चार महिन्यांचं पोर,
टोपड्यातून नाक तेवढं बाहेर.
सहा वर्षांपूर्वी सरकारी कचेरीत लग्न झालं दोघींचं,
त्या गोझोला परतताना
बोटवाल्यानं तीनदा भोंगा वाजवला होता.
आमच्या घंटा गप्प होत्या. दोर माझ्याच हातात होता.

"बाप्तिस्मा द्याल ना?"
दुन अँजलू चष्मा पुसत राहिले.
रोमहून कागद आलाय, म्हणाले, पोराला देता येतो.
पोराला.
हा शब्द त्यांनी भरल्या कपासारखा जपून ठेवला.
आणि तुम्हा दोघींना आशीर्वादही, पण उभ्याउभ्या,
झगा न घालता, वेदीपासून लांब,
दहा-पंधरा सेकंदांत.
"म्हणजे शिंकल्यावर देतात तेवढा," मार्व्हिक म्हणाली.
दुन अँजलू हसले,
मग हसायचं नव्हतं हे आठवून खोकले.

मी नोंदवही उघडली.
छापील रकाने : आईचं नाव. बापाचं नाव.
पन्नास वर्षं भरतोय हे.
बाप बुडाला तिथं क्रूस काढला,
बाप पळाला तिथं रेघ,
बाप सगळ्या गावाला ठाऊक, पण कुणी सांगेना,
तिथंही रेघच.
आई जास्त झाल्याची ही पहिलीच वेळ.

माझा थोरला भाऊ साल्वू
एकाहत्तर साली मेलबर्नच्या बोटीत चढला,
मिठागरावरचा इंड्री गेला त्याच्या आठच दिवसांनी.
आईनं त्या रविवारी पापनिवेदनाची रांग धरली
ती मरेपर्यंत सोडली नाही.
कुणाचं पाप सांगायची, देव जाणे.
साल्वूची पत्रं यायची. बाबा चुलीत घालायचे,
तिकीट तेवढं फाडून मला द्यायचे,
मला नाद होता म्हणून.
राणी, कांगारू, शेपटी फुलवलेला कसलासा पक्षी.
भावाची चोवीस तिकिटं आहेत माझ्याकडं.
ओळ एकही नाही.

गेल्या हिवाळ्यात इंड्रीनं पैसे धाडले,
साल्वूसाठी मिस्सा करा, नवऱ्याकडून.
मी चिठ्ठीवर लिहिलं : मित्राकडून.
दुन अँजलूंनी तेच वाचलं, मोठ्यानं.
पुढच्या बाकावरच्या बायका आमेन म्हणाल्या.
मीही म्हणालो.

"वेन्झू, तो दुसरा रकाना राहू दे तूर्त,
बिशपांना विचारतो."
पहिल्यात मी शाईनं डोरिएट लिहिलं.
मग पेन्सिल घेतली.
पेन्सिलीचं काय, खोडता येतं.
पण हात म्हातारा, दाब आवरत नाही,
मार्व्हिक खालच्या कोऱ्या पानावरही उमटली.

दुन अँजलूंनी पाहिलं.
पुन्हा चष्मा काढला.

पोर रडायला लागलं, दूध हवं होतं त्याला.
बाहेर पायऱ्यांवर डोरिएटनं मान वर करून विचारलं,
"किती वाजले, वेन्झूकाका? खरं कुठलं?"
"उजवं," म्हणालो,
आणि मग लक्षात आलं, आज रविवार.
काल चावी द्यायची राहिली.