खसखस

"रश्श्यात दाणे आहेत का?"
तीन नंबरच्या टेबलावरून त्यांनी विचारलं,
सवयीच्या आवाजात,
पंखा जरा वाढवता का म्हणावं तसं.
शेजारी मुलगी, नवेक वर्षांची.
तिच्या पुढ्यात पेन्सिलींचा पत्र्याचा डबा.
डब्यात पेन्सिली नव्हत्या.
एक सिरिंज, एक काचेची कुपी,
आणि शाळेच्या अक्षरातली चिठ्ठी:
माझं नाव शर्वाणी. मला शेंगदाणा चालत नाही.

"नाही जी," मोरेश्वर म्हणाला,
"दाणे कायचे? खसखस आहे, अस्सल. बिनधास्त खा."

तो खोटं बोलत नव्हता.
अकरा वर्षं वाढतोय तो इथं, पाचपावलीत,
मसाला त्यानं कधी पाहिला नाही.
कोणीच पाहिला नाही.
मागच्या खोलीत, दार लावून, मी कुटते.
माझ्याआधी बाबा कुटायचे.
बत्तीस जिनसा, म्हणायचे लोक. कोणी म्हणे अडतीस.
बाबा नुसते हसायचे:
"हे तं आम्ही जावयालेही सांगत नाही."

मला सांगितलं, मेयोच्या वॉर्डात,
सलाइन लावलेल्या हाताची बोटं मोजत:
दगडफूल, शहाजिरं, ज्वारीचं भाजलेलं पीठ...
आणि मग भिंतीकडे तोंड करून:
"खसखस लय महागली होती त्या साली.
तुया बहिणीचं लगन होतं.
मी दाणे टाकले, बारीक वाटून.
कोणाले समजलं नाही.
मंग तेच चालू राह्यलं."

एकोणीस वर्षं कोणाला समजलं नाही.
जीभ फसते.
त्या मुलीचा घसा फसला नसता.

मी गल्ल्यावरून उठले.
भिंतीवर हार घातलेले बाबा,
फोटोतही थोडं बाजूलाच बघणारे.
"थांब मोरेश्वर," मी म्हटलं,
"दाणे आहेत."

ताटं वाजायची थांबली वगैरे नाहीत.
फक्त मोरेश्वरनं पाहिलं माझ्याकडे,
चिल्लर मोजताना कमी निघाली की पाहतात तसं.
मग मी थांबलेच नाही.
रश्श्यात आहेत. सुक्यात आहेत. पाटोडीत आहेत.
डाळीत नाहीत, पण पळी एकच आहे
आणि ती सगळीकडे बुडते.

बाप उठू लागला.
मुलीनं डब्याचं झाकण लावलं,
तिला हे सगळं पाठ होतं.

"बसा जी," म्हटलं, "पंधरा मिनिटं बसा."
माडीवर गेले. भिशीत मिळालेला तवा काढला,
खोकं अजून फोडलेलं नव्हतं.
तेलाची नवी पिशवी. हात साबणानं कोपरापर्यंत,
दोनदा, नखं घासून.
भाकर टाकली, मग त्याच तव्यावर दोन अंडी, कांदा, मीठ.
स्वतःच घेऊन उतरले,
ताट छातीशी धरून, जिन्यात कोणाला लागू न देता.

गल्ल्याशी बारापात्रे काका उभे,
शंभराची नोट सरळ करत.
"दाणे व्हय," म्हणाले.
मी मान हलवली.
"अन् मी सुनेले बोलत राह्यलो इतके साल,
का तुया हातच्या खसखशीत तो गुण नाही."
उरलेले पैसे न घेता गेले.
रागानं की कसे, कळलं नाही.
उद्या येतात का पाहू.

मुलगी जेवत होती.
बाप ताटाकडे बघत नव्हता, तिच्या ओठांकडे बघत होता.
मीही.
घड्याळाचा काटा, मोरेश्वर, सगळेच.

तिनं घास थांबवला.
माझ्या पोटात खड्डा पडला.

"काकू," ती म्हणाली, "हे तिखटच नाही.
बाबा तर म्हणाले होते, सावजीकडे जाऊ."

मी पुन्हा माडी चढले.
भिवापुरी मिरचीचं शिवलेलं पोतं उसवलं,
एक मिरची घेतली, अख्खी,
अजून कशातच न मिसळलेली,
आणि तिच्यासमोर, तिच्या ताटात,
धुतलेल्या हातानं चुरली.