तेहेतीसशेतून वजा

बंदी उठायच्या आठवडाभर आधी
शमसू तांडेलानं वायरलेस माझ्या टेबलावर आपटला.
"बांगडा दिसला म्हणून पोराला सांगतो,
नि आमच्या आधी वीस बोटी तिथं हजर.
मेस्त्री, माझ्या तोंडाला काय तरी झाकण घाल."

नखाएवढी दोन सर्किटं बसवली,
एक त्याच्या सेटात, एक मुजीबच्या.
युक्ती जुनीच: प्रत्येक सूर तेहेतीसशेतून वजा.
जाड ते बारीक, बारीक ते जाड,
किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी जशी.
पलीकडे पुन्हा तेवढंच वजा केलं
की माणूस सुलटा.

नाट्याच्या बंदरात सगळे हसले:
सोलकरांच्या बोटीवर आता बदकं बोलतात.

खरं सांगतो.
माझा सेट दुकानात रात्रभर चालू असायचा.
चाचणी, असं बायकोला सांगितलेलं.
पहिला महिना नुसती पकपक.
मग एका रात्री आकडे सुटे झाले,
मग म्हाकूल, मग शिव्या.
दिवाळीपर्यंत माझा कानच पालथा झाला.
मासा कुठं ते कळायचं. मी काही मासा धरत नाही.
कुलूप करणारा एक किल्ली खिशात ठेवतो, तेवढंच.

पौषातली पहाट. खाडीच्या तोंडाशी बोटी.
बदक म्हणालं,
"मुजीब, मना बत्ती दिसत नाय रे.
तू पुढं हो, मी तुझ्या इंजिनाच्या आवाजावर येतो.
खलाशांना कळू देव नको."

समोर जैतापूरची बत्ती
माझ्या गजांवरून फिरत होती, नेहमीच्या वेळेला.
मी सेट बंद केला.
कानाला बटण नसतं.

शिमग्याला तो आला, सेटाची खुंटी सैल झाली म्हणून.
घट्ट केली.
आणि सोळा नंबरपाशी
कथलाचा एक थेंब डागला, तांदळाच्या कणीएवढा.
त्यानं सेट उचलला. अंगठा फिरत गेला,
थेंबापाशी अडला.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
माझ्या जरासं डावीकडे.
मी बिलबुकात डोकं घातलं.

किती झाले, त्यानं विचारलं नाही.
दारात थांबला.
तिसरीत असताना दोन शाळांमधल्या गडग्यावर बसून
बोलायचो आम्ही ती च-ची भाषा
साठाव्या वर्षी बाहेर काढली:
"चांगूसा चकोन."

"चाहीना," मी म्हटलं.
आणि तो वळला तेव्हा, घाईनं:
"चायरीपा!"