फुंकू नये

कागदावर सहा सूचना होत्या. चौथी अशी:
नाक शिंकरू नये, स्ट्रॉने पिऊ नये, फुगा फुगवू नये.
सनईचं नाव नव्हतं त्यात.
मीच विचारलं.
डॉक्टर लुर्दिना फुर्तादो यांनी मास्क हनुवटीखाली ओढला,
म्हणाल्या, ती तर मुळीच नाही. सहा महिने.

फोंड्याच्या वरच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावर दवाखाना.
खाली पाइप कापल्याचा आवाज, वर माझा जबडा.
पडद्यावर त्यांनी दाखवलं,
ही तुमची दाढ होती,
हे उरलेलं हाड, तीन मिलिमीटर,
आणि त्याच्यावर ही रिकामी जागा.
चाळीस वर्षं देवळाच्या दरवाजावरच्या माडीत बसून वाजवतोय,
माझ्या तोंडावरही एक माडी आहे
आणि तिची जमीन खचलीय
हे त्या दिवशी कळलं.

बाजूने खिडकी पाडायची.
आतला पडदा, अंड्याच्या कवचाआड असतो तसला पापुद्रा,
न फाडता वर उचलायचा
आणि खाली भुकटी भरायची.
कसली?
गुरांच्या हाडाची, परदेशातून येते, शुद्ध केलेली.
मग माझ्या कपाळावरच्या गंधाकडे बघून:
दुसरीही मिळते. कारखान्यातली.
मी नगाऱ्याचा विचार केला.
त्यावर कुणाचं कातडं ताणलंय
हे देवीनं आजवर विचारलेलं नाही.
सही केली.
घरी शशिकलाला सांगितलं, कारखान्यातली.

मग पेज. मग पेज. मग मऊ भात.
सकाळी पोदेर सायकलवरून जायचा,
रबरी गोळा दाबून भोंगा वाजवत,
ओठ नको, दमसास नको,
आणि मला त्याचा हेवा वाटायचा.
फोडणीत मिरची पडली की आतून हाक यायची, बाहेर व्हा!
शिंक आलीच तर आ वासून शिंकायचं.
शेजारच्या पोरांना तेवढीच करमणूक.

टाके निघाले, सूज उतरली,
आणि मग काहीच घडेना.
जखम दुखते तेव्हा निदान बोलत तरी असते.
हाड वाढताना चकार शब्द काढत नाही.
जिभेने चाचपायचो, आरशात गाल ओढून बघायचो,
तोच गाल.
आमचा मेव्हणा खाजनात गाळ भरला की
बांधावर नुसता बसून असतो, विडी ओढत.
काय बघतोस विचारलं तर म्हणतो,
मीठ उतरतंय.
मीही जाऊन बसलो त्याच्याशेजारी.
विडी घेतली नाही. तीही मना होती.

जत्रेला माडीत भाचा बसला, वल्लभ.
मी खाली, चपलांच्या ढिगाजवळ, माणसांत.
भूप तो घाईने घेतो, गंधारावर टेकतच नाही.
माझे ओठ आपोआप मिटले,
छाती भरली,
आणि तो सगळा श्वास मी नाकातून हळूहळू सोडून दिला.
पालखी निघायच्या आत घरी आलो.
वल्लभला अजून वाटतं, मामा रागावला.

नवा फोटो. साडेदहा.
डॉक्टर पेन्सिलीच्या टोकाने दाखवत होत्या,
हे जुनं, हे नवं, आणि हे कण तसेच आहेत,
राहतात ते वर्षानुवर्षं, त्यांच्याभोवती तुमचं हाड चढतं.
म्हणजे कुठून कुठपर्यंत माझं?
त्या जरा जवळ वाकल्या.
आता तसं नाही सांगता येत, म्हणाल्या.

स्क्रू बसवताना शेवटचा अर्धा फेरा जड गेला.
वा, असं त्यांच्या तोंडून निघालं,
मैफलीत निघावं तसं.
आणि लगेच, पुन्हा तीन महिने. तोवर फुंकायचं नाही.

घरी येऊन शशिकलाला खरं सांगितलं,
काय भरलंय ते.
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
कागद फायलीत मीच लावला ना.

रात्री पेटी उघडली.
सनईची पत्ती वाळून मधोमध चिरली होती.
नवी करायला घेतलीय.
घाई नाही,
हवी तेवढी तासता येईल.