उपयोगिता प्रमाणपत्र

खंडेराव मार्केटच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर माझं टेबल.
खाली फुलबाजार,
म्हणून आमच्या फायलींना झेंडूचा वास येतो,
आक्षेपांनासुद्धा.

ही फाइल जानेवारीत आली.
वहीच्या फाडलेल्या पानावर अर्ज:
कमाटीबागेतला बँडस्टँड तीन संध्याकाळी हवा,
वाजवायला.
खाली झरणा वसावा, मोईन मलेक, ओजस पागनीस.
तिघांची वयं मिळवली
तर माझं निवृत्तीचं वय जेमतेम भरतं.

परमारसाहेबांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं:
औचित्य?
मग फाइल चालायला लागली.
उद्यान खात्याने हिरवळीचं विचारलं,
अग्निशमनने वाळूच्या बादल्यांचं.
प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी
ढोलांची तोंडं पिंजऱ्यांकडे नसावीत या अटीवर
वाघांच्या वतीने हरकत नसल्याचं कळवलं.
विश्वामित्रीतल्या मगरींना कोणी विचारलं नाही;
त्या वन खात्याकडे येतात.

मोईन दर सोमवारी यायचा. बाकावर बसून
मांडीवर बोटं वाजवत राहायचा.
म्हटलं, इथे नको रे, साहेब आत आहेत.
थांबला.
पण चपलेच्या आत अंगठा चालूच,
दिसत होता मला.
त्याच दुपारी मी औचित्य लिहिलं, दीड पान.
युवाशक्ती, नागरी जागा, सर्वसमावेशक विकास:
सगळे शब्द एका भुयारी गटाराच्या फायलीतून उचललेले.
तिथे चालले होते, इथेही चालले.
मंजूर रुपये दोन लाख चाळीस हजार.
एकतीस मार्चच्या आत खर्च होणे बंधनकारक.

तर झाला खर्च.
मंडप, जनरेटर, पाण्याचा टँकर, तीनशे खुर्च्या.
तिसऱ्या संध्याकाळी मीही गेले, पावत्या गोळा करायला.
तीनशे खुर्च्या कधीच भरल्या होत्या,
आणि पुलाच्या कठड्यावर माणसं,
टॉयट्रेनच्या रुळांवर माणसं,
शेंगवाला आपली गाडी सोडून पुढे आलेला,
चिमणीतला धूर एकटाच विकायला उभा.
झरणाने तिच्या बोलीतलं काहीतरी धरलं.
मला त्यातलं फक्त ‘पाणी’ कळलं.
पण ते इतक्या वेळा आलं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून,
की माझ्या हातातल्या पावत्या
मी छातीशी धरल्यात हे मला उशिरा समजलं.

ऑडिटचा शेरा आला एप्रिलात.
श्रोत्यांची संख्या कशाच्या आधारे?
मी लिहिलं, खुर्च्यांच्या बिलाच्या आधारे, तीनशे.
उभं राहून ऐकणाऱ्याचं बिल नसतं.
त्या हिशेबाने मीही तिथे नव्हते.
दुसरा शेरा: बिल क्रमांक सतरा.
एक खुर्ची मोडली, भरपाई चारशे ऐंशी.
कोणी मोडली? कारण?

आता काय लिहू.
परमारसाहेब त्या दिवशी
हजेरीपुरते आले होते, गाडीचं इंजिन चालू ठेवून.
मागून दिसेना.
आधी टाचा उचलल्या,
मग इकडेतिकडे बघितलं,
मग बूट काढले. हे मी पाहिलंय, बूट काढून
ते खुर्चीवर चढले, शंभर किलोचे,
आणि मोईनचा हात ढोलावर पडला तसा
त्यांनी तिथे, वर, अगदी थोडासा,
ठेका घेतला.

कारणाचा रकाना मी रिकामा ठेवला.
फाइल आत पाठवली.
तीन दिवस आतच होती.
दरवाजा उघडा असला की दिसायची,
पेपरवेटखाली, पंख्याने पान हलत असलेली.

चौथ्या दिवशी बाहेर आली.
चारशे ऐंशी रोख, पाकिटात, वर नाव नाही.
आणि रकान्यात हिरव्या शाईने
गुजरातीत एकच शब्द:
वपराश.

शिल्लक सहाशे बारा मी तिजोरीत भरायला गेले.
खिडकीतल्या मुलीने विचारलं, कशाचे?
म्हटलं, उरले.
तिने शिक्का मारला,
जरा जोरातच,
आणि मग उगाच दोनदा.