सत्तेचाळीस इशारे

शुक्रवारी संध्याकाळी नवा कंपायलर उतरवून घेतला,
भांडुपच्या ऑफिसात, एसी बंद झाल्यावर.
जुना पंधरा वर्षं गुमान होता.
द्याल ते गिळायचा
आणि ढेकर द्यायचा: शून्य चुका.

नव्यानं पहिल्याच घासाला सत्तेचाळीस इशारे काढले,
पिवळ्या अक्षरांत, एकाखाली एक,
नव्या सुनेनं मांडणीवरचे डबे उघडून
वास घेऊन बाजूला ठेवावेत तसे.
हे चल तुम्ही कधी वापरलंच नाही.
याचा प्रकार मला कळतो, लिहायची गरज नाही.
इथे ‘झपड’ आहे, तुम्हाला ‘झडप’ म्हणायचं होतं का?

हो बाबा, झडपच म्हणायचं होतं.
इतक्या अदबीनं माझी चूक कुणी दाखवली नव्हती,
शाळेत तर नाहीच.

मग त्याच्याशी खेळत बसले.
आमचा प्रोग्राम पाण्याच्या वेळा लावतो:
कुठली झडप, किती वाजता, किती आटे.
यादी जाते चावीवाल्याच्या फोनवर.
दत्ताराम घाडी. खांद्यावर माणसाएवढी चावी.
पहाटे साडेतीनला रस्त्यातलं झाकण उचलतात
आणि टेकडीवर बादल्या वाजू लागतात.

नव्या आवृत्तीत एक सोय आहे.
गोष्टीचे जितके प्रकार, तितक्या वाटा लिहायच्या;
एक जरी राहिली तरी हा पुढे सरकत नाही.
लिहिलं: पाणी आलं.
पाणी कमी दाबानं आलं.
पाणी उशिरा आलं.
म्हणाला, एक राहिलं.

काय राहिलं ते मला ठाऊक होतं.
तरी उठून चहा करून आले.

जुन्या कोडात त्या जागी हिल्डा लोपीसची टीप आहे:
‘इथे कधी कोणी येणार नाही.’
खाली रिकामा कंस.
टिपा कुठलाच कंपायलर वाचत नाही,
पण जुना त्या कंसातून मुकाट निघून जायचा.
हा उंबऱ्यावर अडून बसला.

हिल्डा आता वसईला, निवृत्त. केळी, दोन मांजरं.
फोनवर हसली.
‘अगं, तेव्हा वरच्या अंगाला घरंच नव्हती.
फणस होते. मीच पाहून आले होते.’

आज तिथे तीनशे बारा नळ आहेत.
अहवालात त्यांच्यापुढे दर महिन्याला: तक्रार नाही.

घाडींना लावला. उचलला लगेच,
मागे कुणाच्या तरी हळदीचा बेंजो.
‘वरची झडप? ती रोज खोलतो की मॅडम.
अर्धा आटा, दहा मिनिटं. सहा वर्षं झाली.
तुमच्या यादीत नसते,
म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास.’

बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.

मग चौथी वाट लिहिली: पाणी आलं नाही.
पुढे बाण.
बाणापुढे काय, ते हा सांगत नाही.
ती सुधारणा अजून कुठल्याच आवृत्तीत आलेली नाही.
लिहिलं: वरची झडप, अर्धा आटा, दहा मिनिटं.
वर टीप टाकली, कुणी वाचो न वाचो:
‘हे घाडींना आधीपासून माहीत होतं.’

चालवलं. या वेळी तो काही बोलला नाही.
सेहेचाळीस उरले.