चौदा नंबरची खुंटी

नारिनच्या वीजडेपोत पट्टे मी वाटते.
बावीस खुंट्या, एक वही, चहाचा थर्मास
आणि कात्री. आईची, मेंढ्या कातरायची.

उलारबेकला चौदा नंबर मीच दिला.
कमरेपाशी शिवण उसवली होती,
नखभर.
मला दिसली. त्यालाही दिसली असणार.
त्यानं सही केली, मी चहा ओतला,
विषय दोघांनीही काढला नाही.
आमच्याकडे तसले विषय काढायची रीत नव्हती.
तो वाऱ्यानं काढला, बत्तीस मीटरवर.

चौकशीच्या कागदावर आलं: कामगाराचा निष्काळजीपणा.
साहेबांनी भिंतीवर लाल पाटी ठोकली: सावध राहा.
कुणापासून, ते लिहिलं नव्हतं.
पाटीच्या खिळ्याला लोक टोप्या अडकवू लागले.

मग ओशहून सागिनबेक आला, मुकादम म्हणून.
एका पायानं लंगडणारा, बोलायला कंजूष.
पहिल्याच शनिवारी त्यानं खडू मागितला
आणि दारावर लिहिलं:
“आज वरच्या आडव्या पट्टीवर चार पावलं
दोन्ही आकडे सोडून चाललो. घाई होती. सागिनबेक.”
सगळे हसले.
मग हळूहळू कुणी हसेना.
आठवडाभर दार तसंच.
एका सकाळी खाली दुसऱ्याच अक्षरात:
“पाना हातातून सुटला. खाली ताबिल्दी उभा होता.”
त्याखाली, बिननावाचं: “रात्रीची उतरली नव्हती, तरी चढलो.”
सागिनबेकनं नाव विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, ज्याचं डोकं जड असेल
त्यानं आज खाली तारा गुंडाळायच्या.
पगार तोच.

तेव्हा मीही खडू घेतला.
“चौदा नंबरची शिवण मला दिसली होती.”
माझं अक्षर एरवी बरं असतं.

उलारबेकचा भाऊ कुबात त्याच टोळीत.
त्यानं वाचलं. बाहेर गेला,
बर्फात बराच वेळ पाठमोरा उभा राहिला.
परत आला आणि आपला पट्टा
माझ्यासमोर उलटा करून ठेवला.
“बघ,” म्हणाला. “नीट बघ.”
तेव्हापासून सगळेच उलटा करून ठेवतात.
मला नुसती शंका आली तरी मी कात्री चालवते.
नवा पट्टा केवढ्याला पडतो
ते मला कुणी सांगू नये.

नोव्हेंबरात बेगायिम, आमची सर्वांत धाकटी,
उमेदवारीचे सात महिने झालेली,
अर्ध्या मनोऱ्यावरून ओरडली: थांबा!
वाऱ्याचा आवाज बदललाय, म्हणाली.
यंत्रावरचा आकडा मर्यादेच्या आतच होता.
वर वीस-वीस वर्षं चढलेली माणसं,
आणि खाली ही पोर.
पहिला सागिनबेक उतरू लागला.
एक आकडा अडकव, मग दुसरा सोड,
एक अडकव, मग दुसरा सोड,
गोधडीला टाके घालावेत तसा, बिनघाईचा.
त्याच्यामागून बाकीचे.

सांगायला बरं वाटलं असतं की वादळ आलं.
आलं नाही.
दुपारभर लख्ख ऊन, पान हललं नाही.
खालच्या गावात दिवे एक रात्र उशिरा लागले
आणि बिश्केकहून साहेब फोनवर जे बोलले
ते वहीत लिहिण्याजोगं नाही.
बेगायिमचा चेहरा एवढासा झाला.
सागिनबेकनं नान मोडून तिच्यापुढे ठेवली,
चहात दोन चमचे साखर जास्तीची.
“उद्या असंच वाटलं,” म्हणाला, “तर उद्याही ओरड.”

जीव टांगणीला लागणं म्हणतात ना,
माझ्यासमोर ते रोज सकाळी रांगेत असतात,
एकवीस.
चौदावी खुंटी मी रिकामी ठेवलीय.
नवा पोरगा आला की हमखास विचारतो,
इथं काय असायचं?

आधी तुझा पट्टा उलटा कर, मी म्हणते.
मग सांगते.