दोषांची वही

कारखान्यातून आणलेली जुनी वही.
टॉवेल तपासताना भरतो ती:
तारीख, माग नंबर, दोष, शेरा.
माग नंबरच्या रकान्यात मी एक लिहिते.
एकच तर आहे, बेचाळीस वर्षं चालू,
त्र्याण्णव किलो.

रविवार. पहिली सुई.
दह्याच्या भांड्यामागे ठेवलेलं पेन,
पोटाला चिमटा, दहापर्यंत मोजायचं.
दोष: नाही. शेरा: उगाच घाबरले.

मंगळवार. मळमळ.
अक्कलकोट रोडला शिफ्ट सुटताना
रंगाच्या टाक्यांचा वास आला,
जो वीस वर्षांत कधी आलाच नव्हता.
गुरुवार. करपट ढेकर.
शुक्रवार. पोट साफ नाही.
शनिवार. कालच्यासारखंच.

बिराजदार डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
सगळं लिहून आणा, लहानसहानसुद्धा.
लहानसहान म्हणजे केवढं?

पाचवा आठवडा. डोस वाढला.
दहावा. कंगव्यात केस एकवीस. मोजले.
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.
चंद्रकला वहिनी म्हणाली, चेहरा उतरला की गं,
आणि त्याच दमात, औषधाचं नाव काय?

आणि नागेश.
तो आता ओट्याकडे तोंड करून जेवतो.
कडक भाकरी आमटीत आधी भिजवून ठेवतो,
मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून.
हे कुठल्या रकान्यात घालू?
औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद,
मुंगीएवढ्या अक्षरांत काय काय आहे त्यात,
हे नाही.

तेरावा आठवडा. बुधवार, रात्री दोन.
कूलरमधलं पाणी संपलेलं, चादर पायाशी.
जाग कशाने आली कळेना.
मळमळ नाही. जळजळ नाही.
मग ओळख पटली,
एस.टी. स्टँडवर जुनी शेजारीण भेटावी
आणि नाव आठवायच्या आधीच हसू यावं, तशी.
भूक.

डब्यातली कडक भाकरी, शेंगाचटणी,
फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्या.
कडाक्. घरभर.
आतून नागेश: कोण आहे?
मीच की.
बराच वेळ काही नाही.
मग त्याच्या चपला,
मग डब्याचं झाकण,
मग अजून एकदा, कडाक्.

त्याला चटणी तिखट लागली. पाणी मीच दिलं.

सकाळी वही उघडली.
तारीख घातली. माग नंबर एक.
दोषाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली, उचलली.
शेरा: बाईंना विचारणे,
हा धरायचा का.